बिशानमधलं ग्रीक पेय

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर लेक घ्यायला आली, तेव्हा पोटाआधी मला तिची बसलेली गालफडं दिसली. पाचवा महिना, आणि काही म्हणता काही पोटात ठरत नव्हतं. जावई जहाजावर इंजिनिअर, तो समुद्रात. तिच्या खाण्यापिण्याचा ताबा मी बॅग उघडण्याआधीच घेतला.

बिशानच्या तिच्या फ्लॅटमध्ये एका डब्यात जावयाने ग्रीसहून आणलेला वाळका रानपुदिना सापडला. प्राचीन ग्रीक लोक जवाचं पीठ पाण्यात कालवून त्यात तो घालायचे. त्या पेयाला ते कीकेऑन म्हणायचे, हे त्यानेच मागे पुण्यात सांगितलं होतं. जव थंड, पुदिना उलटीवर चांगला, मग आणखी काय हवं? रोज पहाटे मी जव भाजून, दळून, त्या पुदिन्यासकट पाण्यात कालवून पेला तिच्या हातात देऊ लागले. तो घेऊन ती ऑफिसची तयारी करायला आत जायची.

रविवारी आम्ही हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचं आवार) जेवायला गेलो. इथे जवाचं गोड पाणी सरबतासारखं मिळतं. मी दोन ग्लास मागितले. गाळ्यावरच्या चिनी आंटीने लेकीच्या पोटाकडे पाहिलं आणि एकच ग्लास भरला.

"बेबी इनसाइड, बार्ली कॅनॉट लाह," ती म्हणाली.

जवाने गर्भ टिकत नाही अशी इथल्या चिनी बायकांची समजूत आहे, असं सांगून लेक हसली. मी मात्र तो भरलेला ग्लास तसाच परत केला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी फोनवर शोधत बसले. जवाबद्दल वावगं काही निघालं नाही. त्या रानपुदिन्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं होतं, की गरोदर बाईला तो वर्ज्य, गर्भपात होऊ शकतो. मी लगेच फोन लावला. लेक उचलेना. घरातल्याच चपला घालून मी निघाले.

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटी कधी गेले नव्हते. तनाह मेरा स्टेशनला गाडी बदलायची तेही भान राहिलं नाही, थेट शेवटच्या स्टेशनवर पोचले. एका मलाय बाईने माझा चेहरा पाहून काही न विचारता हात धरला आणि परतीच्या गाडीत बसवलं. सगळ्या वाटेवर मी मनात पेलेच आठवत होते.

चांगी बिझनेस पार्कमधल्या तिच्या ऑफिसात पहारेकऱ्याने मला खुर्ची दिली आणि वर निरोप पाठवला. लेक धावतच खाली आली. मलाच काही झालं असं तिला वाटलं होतं. मी कसंबसं सगळं सांगितलं.

"आई, मी एकही पेला प्यायले नाही," ती हळूच म्हणाली. "वासानेच मळमळायचं. तू पहाटे उठून करायचीस, म्हणून सांगवेना. बेसिनमध्ये ओतून द्यायचे."

त्या थंडगार ऑफिसात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी हमसून हमसून रडले. घरी येऊन आधी तो डबा रिकामा केला. पुढे ती वरणभातावर सावरली.

निघायच्या दिवशी तिने माझा तळवा पोटावर ठेवला. आतून टुणकन लाथ बसली. पुढ्यात आलेलं टाकायचं नाही, हे मी या मुलीला लहानपणापासून बजावत आले. तिने माझं ऐकलं नाही, म्हणून ती लाथ माझ्या हाताला लागली.