वीस क्विंटल कापूस आणि माझा व्यायाम

लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात आमच्या घरी वीस क्विंटल कापूस होता, व्यायाम करणारी एकटी मी होते, आणि दोघांना मिळून खोली एकच होती.

मी तेव्हा नागपूरला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज बंद झालं आणि मी मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या आमच्या गावी येऊन पडले. 'पडले' हा शब्द अगदी बरोबर आहे! सकाळी खाटेवर, दुपारी खाटेवर, मध्ये फक्त जेवायला उठायचं. उद्या ज्यांनी जगाला 'हालचाल करा हो' म्हणून सांगायचं, त्या आमच्या अख्ख्या बॅचची हीच गत. शेवटी कॉलेजच्या मॅडमनी फर्मान काढलं. रोज सकाळी सातला व्हिडिओवर सगळ्यांनी व्यायाम करायचा, आणि रोज एकीनं पुढे होऊन तो बाकीच्यांकडून करून घ्यायचा.

माझी पाळी आली त्या दिवशी मी पाचलाच उठून बसले. असा उत्साह, की विचारू नका!

पण करू कुठे? अंगणात आई. मी हात वर केले की ती लगेच म्हणायची, "रिकामे हात काय हलवून राहिली वं? झाडू घे त्याईत!" ओसरीत बाबा. उरली मधली खोली, आणि तिथं कापूस. खरेदी बंद पडल्यामुळे गावात घरोघरी कापूस कोंडला होता. आमचा तर पार आढ्याला टेकला होता. दाराजवळ चटईपुरती जागा तेवढी शिल्लक.

आता फोनचं सांगते. बाबांच्या फोनला घरात रेंज नसायची, म्हणून कापसाच्या नोंदणीत त्यांनी माझा नंबर दिला होता. पांढुर्ण्याच्या खरेदी केंद्रावरून फोन आला, की त्याच दिवशी माल न्यायचा. फोन उचलला नाही, तर नंबर दुसऱ्याला. इकडे पावसाळा तोंडावर आणि आमचं छत गळकं. भिजलेला कापूस कोण घेणार? त्यामुळे चार दिवसांपासून बाबा दर अर्ध्या तासानं विचारत होते.

"आला का वं फोन?"

"नाही आला, बाबा."

"जवळच ठेवजो बरं!"

"जवळच आहे ना बाप्पा!"

जवळच होता. ढिगात माझ्या तोंडासमोर खोचून ठेवला होता. मध्येच वाजून व्यायामाचा विचका नको, म्हणून रिंग बंद करून फोन नुसता थरथरण्यावर ठेवला होता. (हो, मीच. घरातली एवढी शिकलेली मीच!)

सात वाजले. स्क्रीनवर तीस झोपाळू चेहरे आणि मॅडम. मी हात झटकून घोषणा केली, "आज आपण नवीन करणार आहोत! मऊ जागेवर उड्या मारल्या, तर गुडघ्यांना मार बसत नाही. मी कापसावर मारते, तुम्ही गादीवर मारा!" हे कोणत्या पुस्तकात आहे ते मला आजही सापडलेलं नाही. मी ढिगाच्या दाराकडच्या उतारावर चढले. एक उडी. दोन उड्या. वा! तिसऱ्या उडीला आढ्यापर्यंतचा सगळा ढीग माझ्या अंगावर आला. नाकातोंडात कापूस, केसांत कापूस. कशीबशी मान बाहेर काढली, पाहते तर फोन गायब!

"शीतल," कापूस बोलला, "सगळं पांढरं दिसतंय."

मी दोन्ही हातांनी उकरायला लागले. मॅडमचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी पायाखालून. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली.

"श्वास रोखू नका! सोडा!" कापूस म्हणाला.

आईनं कपच सोडला. "माय वं! कोण आहे कापसात?"

"मॅडम आहेत."

"मॅडम? त्या कायले बसल्या कापसात?"

आरडाओरडा ऐकून बाबा धावत आले. "काय झालं? फोन कुठी आहे?"

"कापसात."

"कोणाच्या कापसात?"

"आपल्याच."

बाबा उंबरठ्यावर मटकन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ढिगाकडे पाहिलं आणि मला एकदम रडू फुटलं. त्यांचं वर्षभराचं राबणं त्या खोलीत होतं, आणि मी त्यावर नाचले होते.

तिकडे मॅडमनी कंटाळून वर्ग संपवला. कापूस गप्प झाला. ते तर आणखी वाईट!

एवढ्यात शेजारचे गणपतकाका तोंडाला दुपट्टा गुंडाळून हजर. "घाबरू नका! मी रिंग देतो, तुम्ही कान लावा!" आम्ही तिघं ढिगाला कान लावून उभे. काका दाराशी फोन लावतायत आणि वर मलाच झापतायत, "तू डॉक्टरी शिकून राहिली ना? सांग ना मंग कुठी धडधडते ते!"

"काका, मी फिजिओथेरपी शिकते. आम्ही हातापायांचं पाहतो."

"मंग हात तरी चालव!"

काकांनी दहा वेळा रिंग दिली. अकराव्या वेळेला बाबांनी हळूच मान वळवली. "गणपत, तूच फोन लावून राहिला, तर केंद्रावाल्याईचा कसा लागन?"

काकांनी फोन असा खिशात टाकला, जणू त्याला चटकाच बसला.

मी पुन्हा उकरायला धावले, तर बाबा ओरडले, "उकरू नको! कचरा जाते कापसात. चादरीत बांधा अन् गाठोडे अंगणात न्या." झालं! वाका, भरा, बांधा, उचला, पळा. पहिलं गाठोडं मी नेलं, सगळ्यात मोठं. बाहेर मे महिन्याचं ऊन, अंगाला कापसाची खाज, आणि बॅटरी सकाळीच बारा टक्के होती हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईनं गाठोडं डोक्यावर असतानाच हाक मारली, "जामसांवलीच्या मारुतीराया, फोन सापडू दे, पोट्टीले पायी दर्शनाले धाडीन!" नवस आईचा, पाय माझे!

तीन तासांनी खोली रिकामी झाली. एक पाल निघाली, आईचा हरवलेला कंगवा निघाला, बाबांची एक चप्पल निघाली. फोन नाही! आई थकून अंगणातल्या एका गाठोड्यावर टेकली आणि पुढच्याच क्षणाला किंचाळत उठली.

"अवं माय! खालून गुरगुरून राहिलं!"

मी झेप घेतली. गाठ सोडली, कोपरापर्यंत हात घातला आणि थरथरणारा फोन बाहेर! ते पहिलंच गाठोडं होतं. मी स्वतः बांधून स्वतः नेलेलं. बाबांनी फोन हिसकला.

"हॅलो! हाव साहेब! दोन घंट्यात? अजी, आत्ता निघतो! कापूस बाहेरच काढून ठेवला, बांधून तयार!" फोन खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "पोट्टीनं काम केलं! कापूस घरात असता, तर दोन घंट्यात कुठी होत होतं?"

मी केसांतला कापूस वेचायला लागले.

काकांची ट्रॅक्टर-ट्रॉली आली आणि गाठोडी सोडून तिच्यात ओतली. सुटा कापूस ट्रॉलीत मावायला वर चढून तुडवावा लागतो. "कोण चढते?" बाबांनी विचारलं. कौतुकानं फुगलेली मी टुणकन वर! पाऊण तास थयथय नाचले. काका खालून ओरडायचे, "और जोर से!" आणि मी आणखी जोरात. शेवटी बाबा म्हणाले, "बस झालं, उतर."

मी उतरायला निघाले. पाय निघाले नाहीत. मांड्यांत असे गोळे आले, की गुडघा वाकेना आणि वाकलेला सरळ होईना. पेशंटला अशा वेळी काय सांगायचं, त्याचे चार मुद्दे मला पाठ होते. एकही आठवला नाही. शेवटी कापसाच्याच चादरीत घालून, चार टोकं धरून मला खाली उतरवण्यात आलं. "कापसाहून जड आहे," काका म्हणाले.

संध्याकाळी बाबा परतले. सगळा कापूस विकला गेला, एका किलोतही खोट निघाली नाही. माणूस इतका खुश, की त्यांनी मधल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. "घे! खोली मोकळी झाली. मार आता किती उड्या मारतं ते!"

मी खाटेवरून नुसती खोलीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा फॉर्म आला. आरोग्यक्षेत्रातले विद्यार्थी लॉकडाऊनमध्ये किती हालचाल करतात, त्याची पाहणी. गाठोडी वाहून माझा हातही उचलला जाईना, म्हणून फोन आईनं धरला.

"जोरकस व्यायाम हप्त्यातून किती दिवस?"

"सात लिही."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि एक लिहिलं. "रोजच्या कामासाठी दुसऱ्याची मदत लागते का?" हे तिनं मला विचारलंच नाही. एका हातानं माझी मान उचलून बशीतला चहा पाजला, दुसऱ्या हातानं 'हो' दाबलं आणि फॉर्म पाठवून दिला.

पाच मिनिटांत मॅडमचा मेसेज. 'शीतल, स्वतःचा फॉर्म पाठव. हा कोणत्या पेशंटचा पाठवलास?'

मी लगेच लिहिलं, 'सॉरी मॅडम.' म्हणजे, आईला लिहायला सांगितलं.