स्ट्रॉबेरीला चुना

स्ट्रॉबेरीला चुना लावू नये, असं वनस्पतीशास्त्राच्या एकाही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. ती पुस्तकं मी कॉलेजात उभी हयात शिकवली आहेत, त्यामुळे खात्रीने सांगतो.

आमच्या मुग्धाने तिच्या ऑफिसातल्या निनादला पसंत केलं होतं आणि त्या रविवारी त्याचे आईवडील वाघोलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. सुनंदाने (माझ्या पत्नीने) फ्रूट क्रीमचा बेत केला आणि स्ट्रॉबेरी आणायला मला पाठवलं. घरी येऊन खोका उघडला, तर बोट लावावं तिथे आत जात होतं.

"दाबून बघितल्या नाहीत?" सुनंदाने विचारलं.

"हात लावू नये अशी पाटी होती."

मग मी तिला समजावून सांगितलं. फळ पिकताना पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन विरघळतं. पेक्टिन म्हणजे विटांमधलं सिमेंट. ते सुटलं की फळ लिबलिबीत होतं. कॅल्शियम मिळालं, तर तेच पेक्टिन पुन्हा घट्ट धरतं. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्या याचसाठी.

"अहो, फळं आहेत ती. भिंत नाही."

"भिंतच आहे. पेशीभित्तिका."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मी चुना आणला. निवळी वगैरे व्हायला वेळ नव्हता, म्हणून सगळाच पाण्यात कालवला आणि स्ट्रॉबेऱ्या बुडवल्या. थोड्या वेळाने चाचपून पाहिलं. चक्क कडक! मी अभिमानाने सुनंदाला हाक मारली.

तिने पातेल्यात पाहिलं. "ही वांगी कुठून आली?"

अल्कली लागली की स्ट्रॉबेरीचा लाल रंग जांभळट पडतो. (हेही मी शिकवलेलं आहे. पण तो धडा दुसऱ्या सत्रात असे.) आता उतारा म्हणजे आम्ल. घरातली सगळी लिंबं पिळली. लाली परत आली, पण ठिकठिकाणी, गोवर आल्यासारखी.

तेवढ्यात बेल वाजली.

निनादचे वडील हात धुवायला थेट स्वयंपाकघरात आले. "अरे वा, जांभळं? या दिवसांत?"

"नाही काका, स्ट्रॉबेऱ्या आहेत," मुग्धा खाली बघत म्हणाली. "बाबांनी चुना लावलाय."

मी थांबवेपर्यंत त्यांनी एक उचलून चावलीसुद्धा. चेहरा आक्रसला. "कडक आहे," ते सावकाश म्हणाले.

"आहे ना?" मला राहवलं नाही. "पेक्टिन धरलंय."

त्यांनी स्ट्रॉबेरी रुमालात काढली आणि रुमाल खिशात ठेवला. फ्रूट क्रीम नुसत्या केळ्यांचं झालं. मंडळी लवकर उठली. मुग्धा खोलीत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. पोरीचं ठरत आलेलं लग्न आपण पाण्यात घातलं, तेही चुन्याच्या, या विचाराने मीही अर्ध्या ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. त्यांचा होकार होता.

साखरपुड्याच्या जेवणावळीत मी व्याह्यांना हळूच विचारलं, "त्या दिवशीनंतरही तुम्ही हो कसं म्हणालात?"

"गाडीतच आमचं एकमत झालं," ते म्हणाले. "मुलगी चांगली आहे, तिला त्या घरातून लवकरात लवकर बाहेर काढू या."

शेजारी बसलेल्या सुनंदाने जिलबी मोडत विचारलं, "गाडीत आणखी एक जागा होती का?"