मधल्या भागातला पाणीवाला

लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा मला एका पुस्तकातल्या मुलाचा हेवा वाटू लागला. हे मी हसण्यावारी नेण्यासाठी सांगत नाही. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आम्ही घोडेगावात एका दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरत, वडिलांनी पारगावकडे शेती धरली, ऊस लावला आणि घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळेतल्या आणि कॉलेजातल्या शिक्षकांनी हात दिला नसता तर मीही उसातच राहिलो असतो, हे मी कधी विसरलो नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. ते मी पाठांतराने पार केलं. परीक्षेपुरतं यायचं, गोष्टीपुरतं नाही.

बायको ओतूरची. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान. ती बी.कॉम. झालेली, तीही मराठी शाळेतूनच. पण तिची मामेबहीण पुण्यात इंग्रजी शाळेत होती आणि दर सुट्टीत आपली वाचून झालेली पुस्तकं ओतूरला आणून टाकायची. ती वाचता वाचता बायकोला इंग्रजी वाचता येऊ लागलं. ती चहाला आधण ठेवून पान उलटायची आणि दूध उतू जायच्या आत गॅसही बंद करायची. मला त्याच पानाला डिक्शनरी घेऊन अर्धा तास लागला असता. हेव्याची सुरुवात खरं तर तिथूनच झाली असावी.

मामेबहीण आता पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. दिवाळीला तिने बायकोला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. तीन भागांची प्रेमकथा होती, पुढच्या कुठल्या तरी काळातली, आणि हा तिचा मधला भाग. पहिला बायकोने ओतूरलाच वाचला होता आणि परत दिला होता. तिसरा अजून निघायचा होता.

गोष्ट अशी. आटलेल्या तळ्याच्या तळाशी, भिंतीच्या आत एक शहर आहे. तिथे पाणी एकट्या माणसाला मिळत नाही, जोडीला मिळतं. वयात आलेल्या प्रत्येक मुला-मुलीची जोडी सरकार लावून देतं आणि मग दोघांनी एकाच नळावर पाणी भरायचं. नायिकेची जोडी एका गप्प मुलाशी लागलेली आहे. तिचं मन मात्र भिंतीपलीकडे, मिठाच्या माळावर राहणाऱ्या दुसऱ्या एका मुलावर आहे. नावं परकी होती, माझ्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून आम्ही घरात एकाला पाणीवाला आणि दुसऱ्याला बाहेरचा म्हणू लागलो.

बायको मामेबहिणीला मिस्ड कॉल द्यायची. मग पुण्याहून फोन यायचा आणि ती रेंज मिळावी म्हणून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. मी आत वह्या तपासत असायचो. दार उघडंच असे.

"अगं, बाहेरचाच. प्रश्नच नाही," ती म्हणायची. "तो भिंतीवर चढून येतो ते पान मी परत परत वाचलं... पाणीवाला? शी. तो काय, मान खाली घालून उभा."

आणि मग हसायची. ते हसणं मला घरात कधी ऐकू आलं नव्हतं. माझ्याशी ती नीट बोलायची, हवं-नको विचारायची, पण असं हसायची नाही. मी एका पोराच्या वहीत सह्याद्रीऐवजी सातपुड्याला बरोबरची खूण करून बसलो आणि पुन्हा खोडली.

दिवाळीनंतर आमच्या उसाला तोड आली, तो कारखान्याला गेला आणि आई जरा मोकळी होऊन आमच्याकडे राहायला आली. सून वाचते आहे हे तिने दोन दिवस नुसतं पाहिलं. मग विचारलं.

"येवढं काय गं हाय त्यात?"

बायकोने तिला सगळी गोष्ट सांगितली. आई मन लावून ऐकत होती.

"मग त्या पोरीचं लगीन कुनाशी व्हनार?"

"अजून ठरलं नाही, आई."

"येवढं जाड पुस्तक आन् ठरलं न्हाई?"

"तिसऱ्या भागात ठरेल."

"पानी कोन भरतं म्हनलीस?"

"पहिला. जोडीचा."

"मग त्योच बरा," आई म्हणाली. "बाहेरच्याचं काय, येतो नि जातो. पानी भरनारा गडी लई नशिबानं मिळतो." आणि तिने माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. नळ खाली, सामाईक. हंडे-कळशा भरून वर आणायचं काम मी करायचो आणि खालच्या बायका मला बघून पदराआड हसायच्या. आईच्या बोलण्याने माझी मान जरा ताठ झाली. बायकोने मात्र हो की नाही काहीच म्हटलं नाही. तांदूळ निवडत राहिली. तिने काहीच म्हटलं नाही याचाच मी पुढे आठवडाभर विचार करत होतो.

आई गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "मी वाचतो ते पुस्तक."

"आधी पहिला भाग वाचायला हवा. तो माझ्याकडे नाही, बहिणीच्या कुठल्या मैत्रिणीकडे गेलाय."

"त्याने काय बिघडतं? गोष्ट मधून धरली तरी कळते."

हे मी मनापासून म्हणालो. आमच्या गावात सप्ताहाला कोण पहिल्यापासून बसतं? उसाला पाण्याची दारं धरून, गुरांचं आवरून माणसं येतील तेव्हा येतात, मांडवात मागे टेकतात आणि कीर्तनकार ज्या कथेत असतील तिथून ऐकू लागतात. भक्त कोण, दुष्ट कोण, सगळ्यांना ठाऊकच असतं. यात्रेतल्या वगाचंही तेच. गोष्टीला पहिलं पान लागतं, ही सवयच आम्हाला नव्हती.

बारावीला माझ्या इंग्रजीच्या सरांनी मला स्वतःची डिक्शनरी दिली होती. ती घेऊन मी बसलो. रविवारी दुपारी, शाळेत मोकळ्या तासाला, भारनियमनात खिडकीपाशी. शब्दांचे अर्थ पेन्सिलीने कडेला लिहीत गेलो. पहिली पन्नासेक पानं जड गेली, मग गोष्टीनेच मला ओढलं.

मधल्या भागात नायिका पायाला लागलेलं घेऊन शहरात परत येते आणि लपायला जागा म्हणून पाणीवाल्याच्याच घरात राहते. तो तिला काही विचारत नाही. रोज पहाटे रांगेत उभा राहतो, दोन कॅन भरून आणतो आणि आपल्या वाट्याचंही तिच्या भांड्यात ओततो. ती दुसऱ्याच्या आठवणीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. तो ओठांना भेगा पडल्या तरी गप्प. मला तो माझ्या घरचाच वाटला. वाचताना मला त्याची तहान लागायची.

बायकोला पानाचा कोपरा मुडपायची सवय होती. मी बघत गेलो, तर मुडपलेलं प्रत्येक पान बाहेरच्याचं. तो भिंतीवर चढतो ते, तो तिला मिठाचा खडा देतो ते, तो नुसताच दूर उभा आहे तेसुद्धा. पाणीवाल्याचं एकही नाही. एका पानावर तर तिच्या हळदीच्या बोटाचा ठसा होता; म्हणजे भाजी टाकून ती तेवढ्यासाठी आली होती. मी ते पुस्तक मिटलं आणि जरा वेळ खाली जाऊन नळापाशी उभा राहिलो. नळाला पाणी नव्हतं.

मग मीही पाणीवाल्याच्या पानांचे कोपरे मुडपायला लागलो. खालचे.

"ही पानं कोणी मुडपली?" तिने एका रविवारी विचारलं. आम्ही दोघं जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो.

"मी."

तिने पुस्तक चाळलं. "सगळी पाणीवाल्याची?"

"का? त्याला कोणी नको?" मी म्हणालो आणि मग मला थांबता येईना. "तू आणि तुझी बहीण बाहेरच्याचं एवढं कौतुक करता. त्याने केलं काय? भिंतीवर चढला. मिठाचा खडा दिला. हा माणूस स्वतः तहानलेला राहून तिला पाजतो. एका शब्दाने बोलून दाखवत नाही. प्रेम म्हणतात ते याला. जोडी सरकारने लावली म्हणून काय झालं? लावून दिलेल्या जोडीत माया नसते का?"

शेवटचं वाक्य पुस्तकाबद्दल नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "त्यानेच तिच्या भावाला पकडून दिलं."

"कोणी?"

"पाणीवाल्याने. भावाने चोरून विहीर खणली होती. याने जाऊन सांगितलं. भावाला नेलं ते नेलंच."

"मग हे पुस्तकात लिहायला नको?"

"लिहिलंय की. पहिल्या भागात."

त्या घरात भावाचं नाव निघालं की सगळे एकदम गप्प का होतात, त्याने ओतलेलं पाणी ती आधी वास घेऊन बघून मग का पिते, त्याला झोप का येत नाही, या सगळ्या जागी मी शब्द न् शब्द डिक्शनरीत बघितला होता. कडेला अर्थ लिहिले होते. तो आपलं पाप फेडत होता आणि मी त्याला मनातल्या मनात शाबासकी देत होतो.

ती हसेल असं वाटलं. ती हसली नाही.

"बरं, तो जाऊ दे," मी म्हणालो. "पण बाहेरच्यात एवढं काय आहे?"

तिने खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली आणि म्हणाली, "तो तिला विचारतो. बघा तुम्ही, प्रत्येक भेटीत. जायचं का, थांबायचं का, तुला काय वाटतं. तिला आयुष्यात दुसऱ्या कोणी काही विचारलेलंच नाही."

आणि त्याच सुरात पुढे, "तुम्हीसुद्धा नव्हतं विचारलं."

ओतूरला मी तिला बघायला गेलो होतो, त्या दिवसाची गोष्ट ती बोलत होती. खोली माणसांनी भरलेली. माझ्या मामांनी तिला नाव, शिक्षण, गणपतीची आरती येते का, सगळं विचारून घेतलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय विचारायचं असंल तर इचार बाबा." आणि मी म्हणालो, "नाही, काही नाही."

"मला वाटलं, मनात नाही यांच्या," ती म्हणाली. "घरच्यांनी आणलंय म्हणून बसलेत. होकार आला तेव्हा बाबांना आनंद झाला. मी विचार करत होते, न विचारता हो कसं म्हणतात."

"मला ते बघवेना," मी म्हणालो. "तुझी तोंडी परीक्षा चाललेली. त्यात अजून मी काय विचारू? म्हणून नाही म्हटलं."

"मग हे सांगायचं की."

"कोणाला? एवढ्या माणसांत?"

"नंतर. वर्ष होत आलं."

खाली कोणी तरी दुकानाचं शटर उघडलं. मी विचारलं, "तुला काय विचारायचं होतं तेव्हा?"

ती जरा लाजली. "एकच. घरात कामाच्या वेळी मी पुस्तक घेऊन बसले तर चालेल का."

"मग?"

"मग काय. कोणी विचारूच दिलं नाही. म्हणून इथे आल्यावर पंधरा दिवसांत एके सकाळी नळ यायच्या वेळेला मुद्दाम पुस्तक उघडून बसले. म्हटलं, बघू काय करतात."

"काय केलं मी?"

"हंडा उचललात आणि खाली गेलात."

मला ती सकाळ आठवत होती, पण वेगळी. पाणी भरायचं मी आपण होऊन ठरवलं, असं मी समजत आलो होतो. आईलाही तसंच सांगितलं होतं.

"म्हणजे मी पास झालो?"

"पाण्यात झालात," ती म्हणाली. "बोलण्यात अजून बाकी आहे."

मग तिने मला पहिला भाग सांगितला. शेंगा संपल्या, दाणे शिजत टाकले, तरी सांगत होती. भाऊ विहीर खणतो तिथे तिचा आवाज बारीक झाला. तो भाग मी नंतरही कधी वाचला नाही. मला तो तिच्याच आवाजात माहीत आहे. भिंतीशी बाहेरचा पहिल्यांदा भेटतो ती जागा आली तेव्हा तिचा चेहरा पुन्हा उजळला. या वेळी मी बोलून दाखवलं. म्हणालो, "मला त्याचा हेवा वाटतो." ती एकदम हसली, जिन्यात हसायची तसं.

तिसरा भाग पुढच्या वर्षी निघाला. मामेबहिणीने तो शिवाजीनगरहून एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला आणि मी स्टँडवर जाऊन घेतला. रस्त्यात शेवटचं पान उघडायचा मोह झाला होता. उघडलं नाही. घरी आल्यावर ठरलं की एकट्याने कोणी वाचायचं नाही. रविवारी मी मोठ्याने वाचायचं, माझे उच्चार चुकतील तिथे तिने सांगायचं. आईचा पारगावहून शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप यायचा, त्यात ऊस, वडिलांचा गुडघा आणि शेवटी, "त्या पोरीचं ठरलं का?"

ठरलं नव्हतं. आमचं वाचन फार सावकाश चाललं होतं. पाणीवाला आला की माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा. त्याचं पाप कळूनही मला त्याला सोडता येत नव्हतं. आणि बाहेरचा भिंतीवर दिसला की मी ओळींमागून ओळी पळवायचो.

"हळू वाचा," ती पोळी लाटता लाटता म्हणायची. "पळून नाही जात तो."