दारात उभा राहिलेला देव

त्रिशलाचा नवरा जिनेश मेडशीजवळच्या वळणावर अपघातात गेला. पुढे सोयाबीनची ट्रॉली चालली होती, तिला मागे दिवा नव्हता. दवाखान्यातून त्याचं घड्याळ, पाकीट आणि मोबाइल एका पिशवीत घालून दिलं. मोबाइलला साधा ओरखडाही नव्हता. रिसोडच्या घरी तो वाजत राहिला.

त्रिशला रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका सांगायच्या, "रडून घे बाई, मोकळी होशीन." ती मान हलवायची आणि त्यांना पाणी आणून द्यायची. तिसऱ्या दिवशीचा उठावणा झाला, पाहुणे पांगले, तशी ती घरच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन बसली. लग्नसराई होती. लोक परात, हंडा घेऊन नावं टाकायला सांगत. ती मशीन धरून नावं कोरायची. हाताला झिणझिण्या यायच्या, तेवढंच काय ते कळायचं.

मोबाइल वाजायचा तो एका टेलिग्राम ग्रुपमुळे. जिनेशला मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा वाचायचं वेड होतं. गिऱ्हाईक नसलं की तो गल्ल्यावर बसून उजवीकडून डावीकडे चित्रं सरकवायचा. त्यातल्या एका कथेत देव आणि राक्षस दोघंही नियमांनी बांधलेले होते. राक्षसाला खोटं बोलता येत नव्हतं, देवाला बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरता येत नव्हतं. आणि एका प्रकरणात नदीचा देव एका झोपडीच्या दारात उभा होता. आत एक मुलगी तापाने मरत होती. आईने त्याला हाक मारली, तरी तो आत गेला नाही. कोणत्या नियमाने, हे लेखकाने सांगितलं नव्हतं. ग्रुपवरची पोरं त्यावरच भांडत होती.

जिनेशने लिहिलं होतं, "मले समजलं काहून गेला नाई ते. उद्या लिहितो." त्याखाली वाशिमच्या धम्मदीपा नावाच्या मुलीचे निरोप होते. "जिनेशदादा, सांगा ना." "दादा, कुठं गायब झाले?"

काय उत्तर द्यावं हे त्रिशलाला सुचेना. तिने ती कथा पहिल्यापासून वाचायला घेतली. आवडत होती असं नाही. पानं सरकत होती, दुपार सरकत होती.

दारातल्या देवाचं पान आलं तेव्हा ती घरी सासूजवळ डाळ निवडत होती. गुलाबबाईही जिनेश गेल्यापासून कामापुरतंच बोलायच्या. त्रिशलाने विचारलं, "आई, देवाले काय करता येत नाई?"

गुलाबबाईंनी वर पाहिलं नाही. "आपल्या जैनात देवाले व्रत नाई घेता येत. त्याच्या मनात आलं की भेटते, तो काय सोडन? नरकातल्यालेही नाई येत. सोडनं माणसालेच जमते."

त्रिशलाने जिनेशच्याच नावावरून ग्रुपवर लिहिलं: देवाला अडवणारा नियमच नाही. आत जायचं तर देवपण दाराबाहेर ठेवावं लागेल, आणि देवाला काही सोडताच येत नाही. राक्षसालाही नाही. त्यांना कुणी बांधलेलं नाही, सोडणंच त्यांच्यात नाही.

ग्रुपवर गडबड उडाली. धम्मपाल नावाचा मुलगा ग्रुप चालवायचा, त्याने कडाडून वाद घातला. त्रिशला गिऱ्हाइकांमधून वेळ काढून त्याला उत्तरं देत राहिली. कुणालाच संशय आला नाही. तिलाही आपण खोटं वागतोय असं वाटलं नाही. तिला काहीच वाटत नव्हतं.

महिन्याभराने नवं प्रकरण आलं. देवाने फार पूर्वी राक्षसाशी करार केला होता, त्यात ती मुलगी आधीच देऊन टाकलेली होती, म्हणून तो आत गेला नाही. बस, एवढंच. त्रिशलाने ते पान पुन्हा वाचलं आणि तिचे कान तापले. समोर एक बाई कुकर पाहत होती. तिला "नंतर या" म्हणून तिने शटर अर्धं ओढलं आणि घरी आली.

"आई, चुकीचं लिहिलं त्यानं. करार होता म्हने. असा कसा करार? तिच्या मायले कोनी इचारलं का?"

गुलाबबाई तिच्याकडे बघत राहिल्या. किती तरी दिवसांनी सुनेचा आवाज चढला होता. त्या म्हणाल्या, "नाई इचारलं. बस इथं."

संध्याकाळी त्रिशलाने ग्रुपवर लिहिलं. "ते माझं मत होतं, जिनेशचं नाही. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. तो मागेच अपघातात गेला. मी त्याची बायको त्रिशला."

धम्मदीपाने दुकानाचा पत्ता विचारला.

पुढच्या रविवारी धम्मदीपा एसटीने रिसोडला आली. नर्सिंग शिकणारी, बारीक चणीची मुलगी. दुकानात स्टुलावर बसली, चहा घेतला.

"ताई, तुमचंच बरोबर होतं. लेखक चुकला."

"धम्मपाल काय म्हनते?"

"त्याले पटलं नाई. पन त्याले कायचंच पटत नाई."

मग कप खाली ठेवून तिने विचारलं, "दादाचं कसं झालं?"

आतापर्यंत सगळ्यांनी त्रिशलाला धीर दिला होता, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने सांगायला सुरुवात केली. सकाळी तो काय खाऊन निघाला, मेडशीला कुणाकडे काम होतं, तिने लावलेला फोन कोणी उचलला. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. धम्मदीपाने उठून त्याला पेल्यांचे डबे दाखवले. त्रिशला बोलत राहिली.