गोधडी पांघरलेली गाडी

माझी लेक भर रस्त्यात जन्मली. वडपे फाट्याच्या अलीकडे, कापडाचे तागे भरलेल्या टेम्पोत. दवाखाना भिवंडीत, आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, आणि या बयेला जरा म्हणून धीर नाही. आमच्याकडे कुठल्याही लग्नात, बारशात ही गोष्ट निघते आणि सगळे पोट धरून हसतात. तिचे काका तर तिला अजून ‘टेम्पोवाली’च म्हणतात. मीही हसते. पण पहिल्या बाळंतपणाला ती काल्हेरहून माहेरी आली, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, की हिचं बाळ रस्त्यावर होणार नाही म्हणजे नाही.

आणि नेमकी तेव्हाच आमची गाडी रुसली.

थंडी पडली होती. आता आमच्याकडची थंडी ती काय, पण पहाटे अंगणात पाय ठेवला की अंग शहारतं एवढी होती. सकाळी हे चावी फिरवायचे आणि गाडी नुसती खरखरत राहायची. सुरू म्हणून व्हायची नाही. हे थांबायचे, देवाचं नाव घ्यायचे, पुन्हा फिरवायचे. असं बराच वेळ चाललं की मग एकदाची धडधडत उठायची. दुपारी मात्र हात लावला की सुरू. संध्याकाळीही तेच.

“थंडी वाजते तिला. बाकी काय न्हाय,” हे म्हणाले.

“गाडीला थंडी वाजते?”

“मग! मानसाला वाजते, गाडीला न्हाय वाजायची?”

आणि त्या रात्री आमच्या या शहाण्या माणसाने कपाटातली जुनी गोधडी काढली आणि गाडीच्या बॉनेटवर पांघरली. कर्म माझं! सकाळी गोडाऊनवर कामाला जाणाऱ्या पोरी फाटकातून बघून खिदळत होत्या. गोधडी ऊबदार, गाडी गार. खरखर तशीच.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गावात कुणाला काही येत नसलं तरी सल्ला येतो. दीर म्हणाले बॅटरी बसली, म्हणून बॅटरी बदलली. खरखर आणखी जोरात होऊ लागली, एवढाच फरक. शेजारचे म्हणाले प्लग, म्हणून प्लगही नवीन घातले. काही फरक नाही. लेक सोफ्यावर पोटावर हात ठेवून हे सगळं बघायची आणि म्हणायची, “आई, मला बघून टेन्शन येतं. रिक्षाने जाऊ ना.” पहाटे आमच्या गावात रिक्षा कुठून आणणार? आणि बाहेर हायवेवर गोडाऊनचे ट्रेलर असे आडवे लागलेले, की ॲम्ब्युलन्स आत यायलाच अर्धी सकाळ जावी. घरची गाडी दारात तयार असणं, हाच काय तो आधार. माझा जीव टांगणीला लागला होता.

निजामपुऱ्यातल्या गॅरेजवाल्याकडे आमची जुनी ओळख. त्याच्याकडे गाडी नेली, तर दारात पोचेपर्यंत ती गरम झालेली. त्याने चावी फिरवली आणि पहिल्याच फटक्यात सुरू! अशी शहाण्या बाळासारखी उभी राहिली, की आम्हीच खोटे पडलो.

तो हसला. “चाची, गरम गाडी झूठ बोलती है. रातभर मेरे पास छोड दो. सुबह ठंडी में देखूँगा.”

रातभर! आणि त्याच रात्री पोरीला कळा आल्या तर? दुखणं शोधायचं तर गाडी हवी तिथे, आणि गाडी तर हवी घरी. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. मग मीच म्हटलं, “गाडी नहीं छोडूँगी. तुम आओ घर पे. चाय-नाश्ता मेरे तरफ से.” माझं हिंदी हे असं. पण त्याला पोचलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज उरकून तो स्कूटरवर थेट अंगणात.

गोधडी त्याने न हसता घडी करून बाजूला ठेवली, हे त्याचे उपकार.

त्याने गाडी चालू करायला लावली, खरखर ऐकली आणि मला विचारलं, “रोज कैसे स्टार्ट होती है?” मी सांगितलं, की हे चावी अर्धी फिरवतात, बंद करतात, परत अर्धी फिरवतात, असं बऱ्याचदा केलं की लागते. मला वाटायचं ही यांची जपमाळ आहे. तर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, इंजिन जोरात फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक. चावी अर्धी फिरवली की पेट्रोलचा पंप थोडं पेट्रोल पुढे ढकलतो. तुम्ही दहा वेळा करता तेव्हा कुठे पुरेसं पोचतं. मग यांच्याकडे वळून म्हणाला, “चाचा, पेट्रोल कब डाला था?”

हे आभाळाकडे बघायला लागले.

आता काय सांगू! आमची गाडी सीएनजीची. आमच्या अख्ख्या आळीत गॅसच्या गाडीत पेट्रोल भरणं म्हणजे घरात जेवण असताना हॉटेलात जाणं. पेट्रोलच्या मीटरची शेवटची दांडी लुकलुकत असली की पुरुषांना अभिमान वाटतो. गॅससाठी रांगेत ताटकळतील, पण पेट्रोलला हात लावणार नाहीत. आणि ही गाडी, गॅरेजवाल्याने समजावलं, सकाळी थंड असताना आधी पेट्रोलवरच सुरू होते आणि मग गॅसवर जाते. टाकीच्या तळाला कधीचं ते शिळं पेट्रोल, खाली गाळ, आणि पंप बिचारा तोच गाळ चोखत बसलेला.

“म्हणजे तिला थंडी वाजत नव्हती,” मी म्हटलं. “उपाशी होती!”

“सगलेच असं करतात,” हे पुटपुटले.

“सगळ्यांच्या घरी बाळंतपणाला आलेली लेक आहे का?”

मी जरा जास्तच ओरडले असेन. लेक आतून म्हणाली, “आई, बाबांना बोलू नको.” गॅरेजवाल्याने मागची सीट उचलून पंप बाहेर काढला, तर त्याची जाळी काळी मिट्ट. टाकी साफ झाली, पंप नवीन बसला, ताजं पेट्रोल पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन देवासमोर साखर ठेवली.

कळा आल्या त्या सकाळी धुकं होतं. यांनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली, पण सवयीने हे पुन्हा फिरवत राहिले आणि चालू इंजिनने असा काही कर्रर्र आवाज काढला, की कळा सोसत असतानाही लेक हसली. “बाबा, लागली गाडी, चला!” गावातल्या रस्त्याने आम्ही ट्रेलर आडवे लागायच्या आधी बाहेर पडलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बऱ्याच लवकर आलात. अजून वेळ आहे, चहा घेऊन या.” असं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मला आत येऊ दिलं. स्वच्छ पलंग, वर पंखा, दोन नर्स. लेकीने माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. एक कळ ओसरली आणि तिने मध्येच विचारलं, “आई, टेम्पोत तू कुणाचा हात धरला होतास?”

इतकी वर्षं गोष्ट सांगतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. तुझी आजी तुला झेलण्यात गुंतलेली, तुझे बाबा पुढे ड्रायव्हरशी भांडत होते, हे सगळं हसत सांगता आलं असतं.

“कुणाचा नाही गं,” मी म्हटलं. “टेम्पोच्या मागच्या फाळक्याची साखळी धरली होती.”

पुढची कळ आली, तेव्हा तिने दुसराही हात पुढे केला आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले.