पाळीच्या वहीतला एक शब्द

नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात इंग्रजी फाडणारे पुष्कळ होते. पण एखाद्या इंग्रजी शब्दावर जीव लावणारा माणूस मी एकच पाहिला. पहिल्या पाळीचे सुपरवायझर. सगळे त्यांना भाऊ म्हणत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी घरात पहिली वही विकत आणली होती आणि वहीत लिहायचं ते हात धुऊनच, अशी शिस्त लावली होती. भाऊंनी ती मरेपर्यंत पाळली. पाळी संपली की ते साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे आणि मगच पाळीच्या वहीकडे वळायचे. दुसरी पाळी माझी. बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत असायची, माझी माणसं खोळंबलेली असायची आणि भाऊ आत बसून स्पेलिंग तपासत असायचे.

अपुऱ्या राहिलेल्या कामापुढे आम्ही 'चालू' असं लिहीत असू. भाऊंना ते खपत नसे. "चालू तर माणूसबी असते गा," म्हणायचे. मग एका नव्या मशीनच्या माहितीपुस्तकात त्यांना 'ऑनगोइंग' हा शब्द भेटला. सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या त्यांच्या जुन्या डिक्शनरीत तो नव्हता. म्हणून रविवारी सायकल काढून ते ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या घरी गेले आणि सोमवारी मला म्हणाले, "सुरू झालं, पन झालं नाई. होऊन राहिलं! अगा, हे तर आपलीच बोली हाय, सुटाबुटातली."

त्यानंतर त्या शब्दाला उसंत मिळाली नाही. गुडघा कसा आहे विचारलं, तर ऑनगोइंग. शेजाऱ्याशी भांडण मिटलं का, तर ऑनगोइंग. मुलीचं लग्न ऑनगोइंग असल्याचं सांगून त्यांनी सुटी वाढवून मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, "लग्न तर रविवारी झालं ना?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "पाहुने अजून घरीच हायेत, साहेब." आम्ही आठवडाभर हसत होतो. वहीत तर पानोपानी तो शब्द, गोल अक्षरात, खाली रेघ मारून. हळूहळू माझी नजर त्यावरून न थांबता पुढे जाऊ लागली.

एका मंगळवारी त्यांनी लिहिलं होतं : चार नंबरची प्रेस, सुरक्षेची जाळी, दुरुस्ती ऑनगोइंग. मी वाचलं, सही केली आणि प्रेस सुरू करायला सांगितली. माल त्याच दिवशी जायचा होता. तासाभरात, रामटेककडून कामाला येणाऱ्या आमच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. जाळी बसवलेली होती आणि ऑपरेटरनंच ती काढली, असं ठरलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "ऑनगोइंग म्हणजे काम होत आलं होतं, जाळी बसली होती, असंच ना?"

मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं मी.

भाऊ उभे राहिले. "नाई साहेब. होऊन राहिलं म्हंजे झालं नाई. जाळी खाली ठेवली होती, म्या सोता पाह्यली. त्या पोराची चूक नाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. "अन् ह्याची बी एकट्याची नाई. म्याच तो शब्द लग्नाले लावला, गुडघ्याले लावला. जाळीपुढं लिवला तवा ह्याले तो खरा काहून वाटंल?"

ऑपरेटरची नोकरी वाचली. त्याला पॅकिंगला घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली. भाऊंची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे ते मराठीत लिहू लागले, पूर्ण वाक्यं : 'हा पट्टा तुटला आहे. वापरू नये.' तो शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. पुढे मलाही दिवसपाळी मिळाली, तेव्हा बसमध्ये मात्र ते माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवत. त्या चौकशीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी रोज ठरवायचो, आणि माझा थांबा यायचा.

पुढच्या हिवाळ्यात ऑपरेटरनं आम्हा दोघांना रामटेकजवळच्या त्याच्या गावी जेवायला बोलावलं. घरचा नवा तांदूळ निघाला होता. त्याची आई वाढायला आली, तर त्यानं तिच्या हातून भाताचं पातेलं घेतलं. "माह्या हातानं वाढतो," म्हणाला. उरलेल्या बोटांत पळी नीट धरून त्यानं आधी भाऊंना वाढलं, मग मला. एक शीतही खाली सांडू दिलं नाही.

माझा हात पानापर्यंत जाईना. भाऊंनी वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि अगदी हळू म्हणाले, "जेव गा. त्यानं तुले मनापासून बोलावलं हाय."