लाल कोटाची काजं

"४ मार्च, बुधवार. सुनेने तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली. डॉक्टर म्हणाले, डोळे बरे झाले," असं सासूबाईंनी डायरीत लिहिलं.

डोळ्यांच्या नसांची सूज उतरली, तरी शिवणकाम करणाऱ्या सुनेला लाल रंग विटलेलाच दिसे. दुसऱ्याच दिवशी तिने लाल कोटाची काजं तपकिरी दोऱ्याने केली. गिऱ्हाईक कोट आपटून गेलं.

"अगं, डॉक्टर तर बरे झाले म्हणाले ना?" नवऱ्याने विचारलं.

"मग काजं त्यांच्याकडूनच करून घ्या! मी काय तक्त्यावरची काळी अक्षरं शिवते?" चरफडत ती काजं उसवू लागली.

सासूबाईंनी प्रत्येक रिळाला रंगाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

"आणि कापडांवर कोण लिहिणार, आई?" सुनेने विचारलं.

संध्याकाळी सासूबाईंनी डायरीत लिहिलं, "चिठ्ठ्यांमुळे दोऱ्यांच्या डब्याचं झाकण बसत नाही."